लॅपटॉपची मुदत कोण ठरवतं?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. जगासाठी ही तंत्रज्ञानाच्या पानावरची बातमी होती. आमच्या घाटकोपर-असल्फा-साकीनाका पट्ट्यात ती थेट घरात आली. इथे कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी घरात एखादा लॅपटॉप असतो. बहुतेकदा तो सेकंडहँड असतो, नाहीतर हप्त्यांवर घेतलेला सर्वांत स्वस्त. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. तरीही पालकसभा संपल्यावर आया थांबतात आणि विचारतात, “टीचर, लॅपटॉप चल तो रहा है, भंगार में दे दें क्या?”

माझं उत्तर “नाही, देऊ नका” असं असतं. पण ते का, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागतं. चालत्या यंत्राला निकामी कोण ठरवतं, आणि ते पुन्हा कामाला कोण लावतं, या प्रश्नाला एक इतिहास आहे. त्यातला बराचसा भाग आपल्याच उपनगरांत, जुहू आणि पवईत घडलेला आहे. आपल्याला तो फारसा माहीत नसतो, म्हणून हा लेख.

सपोर्ट म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्र आणि माणूस यांच्यामधला कारभारी. बोटाने दाबलेलं अक्षर पडद्यावर आणणं, फाइल जागेवर ठेवणं, वायफायशी बोलणं ही सगळी कामं ती करते. या प्रणालीला ‘सपोर्ट आहे’ असं कंपनी म्हणते, तेव्हा ती दोन गोष्टी कबूल करते. एक, सुरक्षेत भोक सापडलं तर ते बुजवणारा अपडेट पाठवू. दोन, अमुक यंत्रावर आमची प्रणाली नीट चालेल. सपोर्ट संपतो तेव्हा यंत्र बिघडत नाही, ही कबुली संपते. धोका मात्र खरा असतो. भोकं बुजवणारं कोणी नसलेल्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करू नयेत, हे मी पालकांना स्पष्ट सांगते. काही अटींवर वर्षभराची वाढीव मुदत देण्यात आली, पण ती वर्षभराचीच.

मग नवी प्रणाली टाकावी, तर ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ च्या अटी आडव्या येतात. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि कंपनीच्या यादीत बसणारा प्रोसेसर. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवणीचा लॅपटॉप इथे दारातूनच परत जातो.

पण या मुदती काही निसर्गनियम नाहीत. २००७ च्या अखेरीस तैवानच्या असुस कंपनीने ‘ई पीसी’ नावाचा सात इंची पडद्याचा चिमुकला लॅपटॉप आणला. त्यावर विंडोज नव्हतं, लिनक्स होतं. तो हातोहात खपला. विंडोज एक्सपी तेव्हा बाजारातून काढून घेण्याच्या बेतात होतं, आणि नवं व्हिस्टा एवढ्याशा यंत्राला पेलवणारं नव्हतं. मग २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा स्वस्त लॅपटॉपपुरती एक्सपीची विक्री २०१० पर्यंत वाढवली. समोर स्पर्धक उभा राहिला आणि तारीख हलली. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जुहूची अक्षरं

आपली भाषा बोलणाऱ्यांसाठी ‘सपोर्ट नाही’ हे शब्द नवे नाहीत. संगणक भारतात आला तेव्हा त्याला मराठीही येत नव्हती आणि उर्दूही. देवनागरीत मात्रा अक्षराच्या चारही बाजूंना लागतात, ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर उच्चारला जातो पण लिहिला जातो आधी, आणि जोडाक्षरांची संख्या शेकड्यांत जाते. इंग्रजीसाठी बनलेल्या यंत्राला हे शिकवावं लागलं.

जुहूला १९८५ पासून नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही सरकारी संस्था होती. पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम तिथे झालं. सुलेखनकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत अनेक वर्षं शिकवून नंतर या संस्थेशी जोडले गेले. विंडोज २००० बरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या हातचा. आज कोणत्याही सरकारी कार्यालयात मराठी पत्र टाइप होतं, तेव्हा त्यामागे बहुधा हीच अक्षरं असतात. ‘रघु’ नावाचा एक मुक्त परवान्याचा देवनागरी फॉन्टही या संस्थेतून बाहेर पडला. तो कुणीही वापरावा, वाटावा, सुधारावा.

पण मंगल असूनही सामान्य माणसाची अडचण होतीच. विंडोज ९८ वर युनिकोड मराठी जवळपास अशक्य होती. एक्सपीत ती होती, पण आपोआप सुरू नव्हती. सेटिंगमध्ये जाऊन खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. आमच्या वस्त्यांत मूळ सीडी कुणाकडे असणार? नाक्यावरचा मुलगा दोनशे रुपयांत फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्यायचा, आणि त्याच्याकडची प्रत कुठून आली हे कुणी विचारत नसे.

याच काळात दुसरा रस्ता तयार होत होता. फिनलंडमध्ये लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सचा कोड सर्वांना खुला होता. कंपनीला मराठीचं गिऱ्हाईक फायद्याचं वाटतं की नाही, याची वाट पाहायची गरज नव्हती. २००० च्या सुमारास मुंबईत प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी ‘इंडलिनक्स’ हा उपक्रम सुरू केला. लिनक्सवर भारतीय भाषा दिसाव्यात, लिहिता याव्यात आणि मेनूही आपल्या भाषेत यावेत, हा त्याचा उद्देश. स्वयंसेवकांनी एकेक वाक्य भाषांतरित केलं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट दिले. ते मूळचे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले. २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली आणली.

नस्तालिकचा तिढा

उर्दूची वाट याहून बिकट होती. अरबी ज्या नस्ख वळणात छापली जाते, ते ओळीवर सरळ बसतं. उर्दू वाचकाला सवय नस्तालिकची. त्यात शब्द उजवीकडून वरून सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत येतो. अक्षराचं रूप शेजारचं अक्षर कोणतं यावर ठरतं. म्हणून टाइपच्या खिळ्यांनी उर्दू छापण्याचे प्रयत्न लोकांना रुचले नाहीत. मुंबईत १९३८ साली सुरू झालेल्या ‘इन्किलाब’सारखी दैनिकं संगणक येईपर्यंत कातिबांच्या हाताने लिहून निघत. रोजचं वर्तमानपत्र हाताने लिहायचं, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९८१ मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून ‘नूरी नस्तालिक’ तयार झाला. त्यासाठी सुमारे वीस हजार जोडरूपं लिहून यंत्रात भरावी लागली. नव्वदच्या दशकात दिल्लीतून ‘इनपेज’ आलं आणि उर्दूची छपाई बदलून गेली. पण इनपेजची भाषा इनपेजलाच कळायची. त्यातला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची निरर्थक चिन्हं व्हायची. विंडोजसोबत नस्तालिक वळणाचा फॉन्ट यायला २०१२ उजाडलं, विंडोज ८ आलं तेव्हा. त्याआधी वेबवर उर्दू वाचायची ती नस्खमध्ये. वाचता यायची, पण घरातलं माणूस परक्याच्या कपड्यात बघावं तसं वाटायचं. २०१४ मध्ये गुगलचा ‘नोटो नस्तालिक उर्दू’ हा मुक्त फॉन्ट आला आणि लिनक्सवरही उर्दू तिच्या खऱ्या रूपात दिसू लागली.

उर्दू आणि मराठी, दोघींची गोष्ट एकच. बाजाराला जे परवडत नव्हतं, ते कुणीतरी खुल्या कोडमध्ये किंवा खुल्या अक्षरांत करून ठेवलं, आणि मग ते सगळ्यांचं झालं.

पवईतला ‘आकाश’

आता यंत्राकडे वळू. २००६ मध्ये केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही अमेरिकेतून आलेली योजना नाकारली. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या आदिवासी वस्तीतल्या छोट्या शाळेत तिचे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोचले. त्यांवरही लिनक्सच होतं. सरकारने मात्र स्वतःचं स्वस्त यंत्र करायचं ठरवलं. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅबलेट जाहीर केला. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, अँड्रॉइड २.२. तो फार संथ होता आणि टीकाही खूप झाली.

पुढे प्रकल्पाची जबाबदारी राजस्थानच्या आयआयटीकडून पवईच्या आयआयटीकडे आली. दीपक फाटक आणि कन्नन मौदगल्य हे प्राध्यापक त्यात पुढे होते. सुधारलेला ‘आकाश २’ राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रकाशित झाला. हा दिवस आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण दिन आहे, कारण तो देशाचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, सात इंची पडदा, अँड्रॉइड ४.०. सरकारला एक टॅबलेट सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होता.

पवईत खरी अडचण किमतीची नव्हती. अँड्रॉइडवर व्हिडिओ बघता येतो, पुस्तक वाचता येतं. पण अभियांत्रिकीच्या मुलाला त्यावर सी किंवा पायथनचा प्रोग्राम लिहून चालवायचा असेल तर काय? यंत्र हातात आलं, पण ते फक्त बघण्यासाठी. म्हणून तिथल्या गटाने दोन वाटा काढल्या. पहिल्या वाटेत अँड्रॉइडच्या पोटातच लिनक्सचा एक कोपरा करून ‘आकाश प्रोग्रामिंग लॅब’ बसवली. तिच्यावर सी, सी++, पायथन आणि सायलॅब चालत. दुसऱ्या वाटेत पूर्ण लिनक्स एका एसडी कार्डावर ठेवलं. आकाश २ मधली चिप सुरू होताना आधी एसडी कार्डात डोकावते. कार्डात प्रणाली सापडली तर ती सुरू होते, नाहीतर आतलं अँड्रॉइड. म्हणजे कार्ड घातलं की लिनक्सचा संगणक, काढलं की पुन्हा टॅबलेट. आतल्या एकाही फाइलला धक्का नाही. त्याची कृती आणि कोड त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला.

योजना पुढे थंडावली. आज आकाश कुणाच्या घरात चालू असेल असं वाटत नाही. पण त्या प्रयोगाचा धडा टिकला. स्वस्त यंत्रावर ते विकणाऱ्याने जे घालून दिलं तेवढंच करायचं, ही सक्ती गरीब विद्यार्थ्याला सर्वांत महाग पडते. श्रीमंताचं मूल दुसरं यंत्र घेतं. आपल्या मुलांना आहे त्याच यंत्राकडून जास्त काम काढावं लागतं.

दहा हजारांचा लॅपटॉप आणि अरुंद दार

२०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने छोट्या आणि स्वस्त यंत्रांसाठी विंडोजची किंमत जवळपास शून्यावर आणली. त्यामुळे दहा हजारांच्या आतबाहेरचे लॅपटॉप शक्य झाले. मे २०१६ मध्ये मुंबईच्याच आयबॉल कंपनीने ‘कॉम्पबुक’ ९,९९९ रुपयांपासून आणला. इंटेलची अॅटम चिप, २ जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, विंडोज १०. त्या वर्गातल्या सगळ्याच लॅपटॉपची रचना साधारण अशी होती. हजारो घरांचा हा पहिला लॅपटॉप. पुढे विंडोजचे मोठे अपडेट ३२ जीबीत मावेनासे झाले.

यांवर लिनक्स टाकायला गेलेल्यांना एक विचित्र भिंत लागली. चिप ६४ बिटांची, पण यंत्र सुरू करणारं फर्मवेअर ३२ बिटांचं, कारण कमी जागेत मावावं म्हणून विंडोजही ३२ बिटांचं दिलेलं. घर मोठं आणि दार अरुंद. नेहमीची लिनक्सची पेन ड्राइव्ह लावली तर लॅपटॉप तिला ओळखतच नसे. कंपनी म्हणायची, लिनक्सला आमचा सपोर्ट नाही. तरी दार उघडलं. २०१४ मध्ये लिनक्सच्या ३.१५ या आवृत्तीने ६४ बिटांची प्रणाली ३२ बिटांच्या फर्मवेअरवरून सुरू करण्याची सोय केली. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या डेबियन ८ ने ती इन्स्टॉलरमध्ये दिली. या लॅपटॉपपैकी अनेकांत असलेल्या रिअलटेकच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर २०१७ मध्ये ४.१२ या आवृत्तीत आला. यातलं काहीही लॅपटॉप विकणाऱ्यांच्या सांगण्यावरून झालं नाही. स्वतःच्या टेबलावर तेच स्वस्त यंत्र असलेल्या लोकांनी ते केलं.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका लॅपटॉपवर मी डेबियन टाकलं. तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा. ती बीएला आहे, वडील रिक्षा चालवतात, आणि नवा लॅपटॉप घेणं त्या घराला या वर्षी शक्य नव्हतं. काम एका दुपारचं होतं. आधी तिच्या फाइली दुसरीकडे उतरवल्या. मग पेन ड्राइव्हवरून प्रणाली नुसती चालवून पाहिली. कीबोर्ड, वायफाय, पडदा सगळं चालतंय याची खात्री करूनच आत बसवली. एक्सएफसीई नावाचं हलकं रूप निवडलं. सुरू झाल्यावर ते पाचशे एमबीच्या आसपास मेमरी घेतं, म्हणजे २ जीबीत ब्राउझरला जागा उरते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, उर्दूसाठी फोनेटिक कीबोर्ड आणि नोटो नस्तालिक बसवला. आता लिबरऑफिसमध्ये तिचा मराठीचा प्रकल्प आणि उर्दूचा निबंध शेजारी शेजारी असतात.

सगळं सुरळीत झालं असं नाही. स्पीकरमधून आवाज येत नाही, हेडफोन लावावा लागतो. एका वेळी चार-पाच टॅबपेक्षा जास्त उघडले की यंत्र धापा टाकतं. जुन्या इनपेज फाइलींसाठी दुसऱ्याच्या संगणकावर जावं लागतं. शिष्यवृत्तीचे अर्ज ब्राउझरमध्ये भरता येतात, पण डिजिटल सहीसाठी विंडोजच मागणारी कामं आहेत. हे आधी सांगूनच पुढे जावं. मात्र सुरक्षेचे अपडेट तिला आता नियमित मिळतात.

प्रश्न शाळांचा आहे

मग हे सर्रास का होत नाही? कारण आपण संगणक शिकतो म्हणजे विंडोज शिकतो. एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांच्या मनातली माऊसची भीती घालवली, हे तिचं श्रेय. पण बहुतेक केंद्रांत संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस हेच समीकरण पक्कं झालं. केरळने वेगळी वाट घेतली. तिथल्या सरकारी शाळांनी २००० च्या दशकातच आयटी अॅट स्कूल प्रकल्पातून मुक्त प्रणाली स्वीकारली आणि आधी शिक्षकांना शिकवलं. तिथे सातवी-आठवीच्या मुलाला लिनक्स परकं वाटत नाही. आपल्याकडे पवईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत छोटे-छोटे धडे मोफत ठेवले आहेत. पवई आणि जुहू इतकं जवळ असून त्यांची खबर आमच्या वर्गांपर्यंत येत नाही.

यात मुस्लिम मोहल्ल्यांचा वेगळा मुद्दाही आहे. आपली पोरं मोबाइल दुरुस्तीत, लॅपटॉपच्या सेकंडहँड धंद्यात मोठ्या संख्येने आहेत. कुर्ला, साकीनाका, जोगेश्वरीत असं दुकान शोधावं लागत नाही. रॅम बदलणं, पडदा बसवणं त्यांच्या डाव्या हातचा मळ आहे. विंडोजची चोरीची प्रत टाकून देण्याऐवजी हीच मुलं मुक्त प्रणाली टाकून देऊ लागली, तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतील, अपडेट मिळतील आणि धंदाही हक्काचा राहील. त्यांना पदवी लागत नाही, चार शनिवारची शिकवणी पुरते. ती शाळांच्या, अंजुमनच्या रिकाम्या वर्गात घेता येईल. शिकवायला कॉलेजची पोरं मिळतात, विचारून तर बघा.

एखाद्या यंत्राची मुदत ते बनवणारा ठरवतो, हे आपण निमूट मान्य करतो. पण मंगलची अक्षरं, नस्तालिकची उतरती ओळ, आकाशातलं ते एसडी कार्ड आणि अरुंद दारातून आत शिरलेलं लिनक्स, यातलं काहीही ‘सपोर्ट नाही’ हे शेवटचं उत्तर मानून झालेलं नाही. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक पेन ड्राइव्ह लावून बघा. आठ जीबीची पुरते.